भिंतीवरचं नवं भात

तांदूळ भिजवायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे, पाण्यात कालवायचे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत पांढरा रंग इतक्यानंच तयार होतो. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की कुंचलाही झाला. भाकरीचं पीठ आणि चित्राचा रंग एकाच कणगीतून निघतात. वारली चित्रांवर एवढं लिहिलं जातं, त्यात नेमकी हीच गोष्ट सुटते, याची मला खंत आहे.

भात पिकलं म्हणून लगेच खायचं नाही, हा वारल्यांचा नेम. पावसाच्या तोंडाला उगवणारी कोवळी रानभाजीसुद्धा देवापुढे ठेवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत, मग भाताची गोष्ट तर दूरच. नवं भात आधी देवांना, पितरांना. मग पाड्यानं मिळून खायचं. दिवाळी वाघबारशीला वाघदेवाच्या पूजेनं सुरू होते. किसलेली काकडी, तांदळाचं पीठ आणि गूळ एकत्र करून पानात वाफवलेली सावेली, उकडलेले करांदे, चवळीच्या शेंगा असं त्या दिवसांतलं खाणं. सगळं नुकतंच शेतातून, रानातून आलेलं.

तारपा वाजतो तो याच भरल्या दिवसांत. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाची पानं यांचं हे वाद्य. वाजवणारा पुढे, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळत जाते. तारप्याकडे पाठ करायची नाही. आज साडीच्या पदरावर, चहाच्या कपावर, स्टेशनच्या भिंतीवर दिसणारा तो गोल म्हणजे ही रांग. पोट भरल्याचा आनंद आहे तो. कणसरी, म्हणजे धान्याची देवी, घरात आल्याचा. नुसती नक्षी म्हणून तो पाहिला की अर्धं चित्र हातातून जातं.

जुनं चित्र मात्र लग्नाचं. गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. हो, त्या चौक ‘लिहितात’. मधोमध पालघट देवी, शेजारी देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. चौकाशिवाय लग्न लागत नाही. गाणी म्हणून लग्न लावते ती धवलेरी, तीही बाईच. यातल्या एकीचंही नाव चित्राखाली नसे, कारण सही करायची चाल नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यांनी कागद आणि रंग पाड्यांवर नेले आणि ही चित्रं भिंतीवरून उतरून प्रदर्शनांत पोहोचली. गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढणारा पुरुष ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातलं प्रदर्शन, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. त्यांची सुगीची चित्रं जवळून पाहावीत. खळ्यावरची रास म्हणजे हजारो बारीक ठिपके, एकेक दाणा वेगळा टेकवलेला. राशीभोवती माणसं, बैल, कोंबड्या, मुंग्या. प्रत्येकाचा वाटा राशीत धरलेला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभं केलेलं माणूस त्या राशीपुढे अगदी लहान दिसतं. मशे यांनी शेती केली होती, आणि हाताला दाण्याची सवय असल्याखेरीज असे ठिपके पडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

बाजार आला तसा रंगही बदलला. तांदळाचा रंग कालांतरानं झडतो, त्याला कीड लागते. कागदावर टिकावा म्हणून त्यात डिंक घालावा लागतो. मग पोस्टर कलर आला, ॲक्रिलिक आला. विकत घेणाऱ्याला चित्र टिकायला हवं आणि चित्रकाराला वर्षभर पोट आहे, त्यामुळे याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे. चित्र विकायचं झालं तेव्हा काडी बहुतेक पुरुषांच्या हाती गेली, आणि चौक लिहिणाऱ्या बायका नावाशिवायच मागे राहिल्या.

त्यांचं काम थांबलेलं नाही. लग्न आटोपतं, पावसाळा जातो, तांदळाच्या रेघा फिकट होत जातात. मग एखाद्या सकाळी शेणमातीचा हात त्यांवरून फिरतो आणि भिंत पुन्हा कोरी होते.