आजीच्या गोळ्यांना आंबट वास का आला?

मित्रांनो आणि भिंतीजवळ थांबून वाचणाऱ्या पालकांनो, ही माझ्याच चुकीची हकिगत आहे. तुमच्या घरी तसे होऊ नये म्हणून लिहीत आहे.

आमच्या आजीला गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. तेव्हापासून तिला रोज रात्री जेवणानंतर अ‍ॅस्पिरिनची एक बारीक गोळी घ्यावी लागते. या गोळीमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याला आळा बसतो. "एक दिवससुद्धा चुकवायची नाही," असे डॉक्टरांनी बजावले होते. आजीचे हात थरथरतात, तिला पाकीट फोडता येत नाही. म्हणून मी महिन्याच्या सगळ्या गोळ्या एकदम काढून डबीत भरायचो आणि डबी चुलीवरच्या फळीवर ठेवायचो. आजी म्हणायची, "माझं लेकरू लई शहाणं!" मलाही तसेच वाटायचे.

पावसाळ्यात एके रात्री आजी म्हणाली, "कामून रे, ह्या गोळ्यांना आंबूस वास येऊ लागला?" मी डबी नाकाशी धरली. वास खरेच आंबट होता. सकाळी आशाताईंना डबी दाखवली. त्या म्हणाल्या, "ह्या घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा." डॉक्टरांनी वास घेताच ओळखले. त्यांनी नव्या गोळ्या दिल्या आणि कारणही सांगितले.

अ‍ॅस्पिरिनला ओल लागली की ती हळूहळू फुटते व तिची दोन आम्ले होतात. एक सॅलिसिलिक आम्ल आणि दुसरे अ‍ॅसेटिक आम्ल. व्हिनेगरमध्ये हेच अ‍ॅसेटिक आम्ल असते, म्हणून तसा वास येतो. जेवढी गोळी अशी फुटली, तेवढे औषध कमी झाले. म्हणजे आजी रोज गोळी घेत होती, पण तिला पुरते औषध मिळत नव्हते! हे ऐकून मला फार वाईट वाटले.

खरे तर ही गोष्ट आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. युरियाची गोणी उघडी राहिली की ढेकळे होतात. हळद खडखडीत वाळल्याशिवाय बाबा पोत्यात भरत नाहीत. मग गोळीलाच आपण काळजी का घेऊ नये?

ओलीसारखीच उष्णताही वाईट. तापमान 10 अंशांनी वाढले की अशा क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, असे गुरुजींनी सांगितले. त्यांनी मला विज्ञानपेटीतला तापमापक दिला. चूल पेटलेली असताना फळीवर पारा 41 अंशांवर गेला. त्याच वेळी मधल्या घरातल्या कपाटात तो 29 होता. आमच्या पाकिटावर तर '30 अंशांच्या खाली ठेवा' असे छापलेले आहे! ते इंग्रजीत असल्यामुळे आम्ही कोणी वाचलेच नव्हते. आपल्या हिंगोलीत मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. तेव्हा घरातली सर्वांत थंड व कोरडी जागा शोधावी.

आता आम्ही हे नियम पाळतो.

1. गोळी घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढावी. ते पाकीट ओल, हवा आणि उजेड अडवण्यासाठीच असते.

2. चूल, पत्रा, खिडकीतले ऊन, न्हाणीघर आणि पाण्याचा रांजण यांच्याजवळ गोळ्या ठेवू नयेत. फ्रीजमध्येही ठेवू नयेत, तसे लिहिले असेल तरच ठेवाव्यात. इन्सुलिनची न उघडलेली बाटली मात्र 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते.

3. पाकीट कापताना मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राहू द्यावा. औषध नीट ठेवले असेल तरच ती तारीख खरी समजावी.

4. रंग बदललेली, चिकट झालेली, भुगा झालेली किंवा वास येणारी गोळी घेऊ नये. पण औषध मनाने बंदही करू नये, लगेच नवी गोळी आणावी. बिघडलेली गोळी कधी कधी अपायही करते. 1963 साली अमेरिकेत बिघडलेले टेट्रासायक्लिन घेतल्यामुळे रुग्णांच्या मूत्रपिंडाला त्रास झाल्याची नोंद आहे.

5. खराब गोळ्या उकिरड्यावर टाकू नयेत, तिथे कोंबड्या आणि लहान लेकरे असतात. त्यांचे काय करायचे ते औषधाच्या दुकानात किंवा आरोग्य केंद्रात विचारावे.

6. गोळ्या उंचावर, कुलपात ठेवाव्यात. लेकराने गोळी गिळलीच तर थांबू नये. 108 क्रमांकावर फोन करावा आणि पाकीट सोबत न्यावे.

आजी आधी म्हणत होती, "पैशाच्या गोळ्या हायत, फेकू नको." मग मी तिला मिठाचे उदाहरण दिले. तेव्हा तिने स्वतःच डबी रिकामी करून दिली. आता त्या डबीत ती बडीशेप ठेवते. मी रोज रात्री जेवण झाल्यावर एकच गोळी फोडून तिच्या हातावर ठेवतो आणि कॅलेंडरवर खूण करतो.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. आजी-आजोबांच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत ते बघा. चुलीजवळ असतील तर आजच हलवा.