इंजिन उघडण्याआधी



पावसाने ओढ दिली आहे, हळदीला पाणी हवे आहे, वीज नाही, आणि नेमके त्याच दिवशी इंजिन रुसते. वसमत-कळमनुरीकडच्या माणसाला हे नवे नाही. मिस्त्री येतो, हेड उतरवतो, आणि हळद विकण्याआधीच पैसे जातात.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. इंजिन सुरू व्हायचे, पाऊण तास नीट चालायचे आणि दम तोडायचे. तालुक्याहून कारागीर आणला. त्याने रिंगा बदलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! शेवटी दोष सापडला तो टाकीच्या झाकणात. झाकणाला बारीक भोक असते, ते चिखलाने बुजले होते. वरून हवा शिरेना, म्हणून डिझेल खाली उतरेना. एका टाचणीचे काम होते हो!

शेतावरचे हे दोन जड चाकांचे, संथ चालीचे इंजिन मूळचे विलायती. इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास तो नमुना काढला. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे, बस्स. पुढे राजकोटच्या कारखान्यांतून त्याच घाटाची इंजिने निघू लागली. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली उभा राहिला. छाप कोणताही असो, तपासायची रीत एकच.

मोटारसायकलीत ठिणगी लागते, इथे ठिणगीच नाही. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा मारला की नळी गरम लागते. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबली जाते. ती इतकी तापते, की डिझेलचा फवारा पडताच भडकतो. म्हणून विचारायचे ते दोनच प्रश्न: फवारा पडतो का, आणि हवा दाबली जाते का?

व्हॉल्व्ह उचलून धरणारी कळ वर करा, हँडल फिरवा आणि कान द्या. दर दोन फेऱ्यांना नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज आला पाहिजे. नाही आला, तर डिझेल पोचत नाही. झाकण, तोटी, फिल्टर, या क्रमाने पाहा. टाकी एकदा कोरडी पडली असेल तर नळी हवा धरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून सलग धार लागली की आवळा. मग पंपाशी तेच, मग नोझलच्या नटाशी. नोझल बाहेर काढून पाहणार असाल तर समोर हात धरू नका. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

आवाज येतो, तरी पेटत नाही? डिझेल बंद ठेवून कळ खाली करा, चाक हाताने सावकाश फिरवा. अडून मागे उसळले तर दाब ठीक. सहज निघून गेले तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा. त्यातही आधी टॅपेटचे अंतर बघावे, त्याला हेड उतरवावे लागत नाही.

चालू इंजिनाचे दुखणे धुरावरून कळते. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ चालेल. तापल्यावरही राहिला आणि पाणी कमी होत असेल तर गॅस्केट पाहावे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, नाहीतर हवा कमी.

या काळ्या धुराशी थोडे थांबू. पंप साधारण सात मीटरपेक्षा खोलून पाणी ओढत नाही. म्हणून उन्हाळ्यात काही जण इंजिनच विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. तिथे चांगले इंजिनही काळे ओकू लागते, फेरे पडतात, आणि आपण नोझलला शिव्या देतो. खरे तर इंजिन स्वतःचाच धूर गिळत असते. जिथे इंजिन गुदमरते, तिथे माणूसही गुदमरतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही. पाहायला म्हणून खाली उतरू नका. वरून बंद करता येत नसेल तर डिझेल संपू द्या. कोणी आत कोसळलाच, तर त्याच्या मागे उतरू नका. असे एकामागून एक जीव गेले आहेत. ११२ ला फोन करा.

इंजिन दोराने वर ओढून घ्या, उघड्यावर चालवून पाहा. धूर साफ झाला, तर नोझलला पाना लावायचे कारण नाही.