काच, कूलिंग आणि वीजबिल : कार्यालयीन इमारतींची दोन दशके

२००५-०६ च्या भारनियमनाची आठवण महाराष्ट्रात कुणाला करून द्यावी लागत नाही. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, तूट वाढत होती आणि गावोगाव तासन्‌तास वीज जात होती. पुण्यातल्या उद्योगांनी आपली जनित्रे चालवायची, त्यातून वाचलेली वीज शहराला मिळायची आणि जादा खर्चाचा भार ग्राहकांनी उचलायचा, अशी ‘पुणे मॉडेल’ म्हणून गाजलेली व्यवस्था २००६ मध्ये सुरू झाली. नेमक्या याच वर्षांत पुण्या-मुंबईत नखशिखान्त काचेच्या कार्यालयीन इमारती भराभर उठत होत्या. वीज नसताना ज्यांत तासभरही बसता येणार नाही अशा इमारती आपण विजेच्या दुष्काळात बांधल्या. पुढची दोन दशके त्या दुरुस्त करण्यात गेली.

त्याआधी आपल्याकडे बांधकामाचे शहाणपण नव्हते असे नाही. मुंबईच्या फोर्ट भागातल्या जुन्या इमारतींना जाड भिंती, उंच छत, खोल व्हरांडे आणि लाकडी झडपांच्या खिडक्या होत्या. गिरणगावातल्या कापडगिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी होती आणि त्यांची काच उत्तरेकडे तोंड करून बसवलेली असे, म्हणजे मागावर उजेड पडे पण ऊन पडत नसे. २००१ मध्ये गिरण्यांच्या जमिनींबाबतचा नियम बदलला आणि लोअर परळमध्ये टॉवर आणि मॉल आले. उत्तरेचा उजेड गेला, पश्चिमेची काच आली. दुपारी तीननंतर त्या काचेतून येणारी उष्णता बाहेर काढायला एसी, आणि डोळ्यांवर तिरीप नको म्हणून पडदे ओढून आत दिवे! काचेचा उजेडासाठी होणारा उपयोगही त्यामुळे संपला.

कायदा मात्र तयार होता. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे ‘बीईई’, स्थापन झाला. फ्रिज-एसीवरचे तारे २००६ मध्ये आले. व्यापारी इमारतींसाठीची संहिता, ‘ईसीबीसी’, मे २००७ मध्ये आली. सुरुवातीला ती ५०० किलोवॉट जोडभाराच्या इमारतींसाठी होती. २०१० मध्ये ही मर्यादा १०० किलोवॉटवर आणली गेली. छत किती उष्णता आत सोडते, काच कोणती, एसीची क्षमता काय, दिव्यांसाठी दर चौरस मीटरला किती वॉट, असे सगळे तिच्यात होते. कार्यालयांसाठी दिव्यांची मर्यादा १०.८ वॉट होती.

अडचण अंमलबजावणीत होती. इमारत-परवानगी हा राज्याचा आणि महापालिकेचा विषय. राज्याने अधिसूचना काढून स्थानिक नियमांत संहिता घालेपर्यंत ती ऐच्छिकच राहते. राजस्थान, ओडिशा, आंध्र प्रदेश यांनी हे तुलनेने लवकर केले. आपल्याकडे पुण्याच्या ‘महाऊर्जा’कडे या विषयाची जबाबदारी आहे. परंतु नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलावर चर्चा होते ती एफएसआय, पार्किंग आणि अग्निशमनाच्या दाखल्याची. भिंतीतून येणाऱ्या उष्णतेची चौकशी करणारे तिथे सहसा कुणी नसते.

ही पोकळी प्रमाणपत्रांनी भरली. हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला ‘लीड प्लॅटिनम’ हे हरित इमारतींचे मानांकन मिळाले आणि २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेव्हापासून हरित इमारत प्रतिष्ठेची झाली. ‘गृह’ हे देशी मानांकनही आले. या मानांकनांनी वास्तुविशारद, सल्लागार आणि साहित्य-विक्रेते यांची एक पिढी घडवली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण बहुतेक गुण आराखड्यावर आणि संगणकातल्या अंदाजावर मिळत. पाटी लागल्यानंतर मीटर काय दाखवतो, हे पाहायला फारसे कुणी परत येत नसे.

मीटरपर्यंत जाणारा या काळातला सर्वांत बोलका प्रयोग इन्फोसिसने केला. हैदराबादजवळच्या पोचारम इथे २०११ मध्ये त्यांनी एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात उत्तम प्रतीचा नेहमीचा एसी बसवला. दुसऱ्यात स्लॅबमध्येच नळ्या टाकून थंड पाणी खेळवले, म्हणजे छतच गारवा देऊ लागले. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी जास्त वाहून नेते, त्यामुळे पंख्यांवरचा खर्च घटतो. शिवाय पाणी फार थंड लागत नसल्याने चिलरवरचा भारही कमी होतो. दमट हवेत गार छतावर दव जमू नये म्हणून ताजी हवा आधी कोरडी करून आत सोडावी लागते, तेवढी काळजी मात्र हवी. दोन्ही भागांची मोजणी झाली तेव्हा पाण्याच्या भागाला सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी लागत होती. पुढे हेच तंत्र कंपनीने हिंजवडीच्या परिसरातही वापरले.

जुन्या इमारतींचे उदाहरण मुंबईतच आहे. फोर्टमधले गोदरेज भवन १९७२ चे. २०१० मध्ये पूर्ण झालेल्या सुधारणेत तिथली वातानुकूलनाची जुनी यंत्रणा बदलण्यात आली, आणि हा खर्च वीजबिलातून सुमारे पाच वर्षांत भरून निघेल असा हिशेब नंतरच्या अभ्यासात मांडला गेला. इमारत न पाडता हे साधले, याला महत्त्व आहे. सिमेंट आणि पोलादात एकदा खर्ची पडलेली ऊर्जा परत मिळत नसते.

यंत्रांनी मात्र इमारतींपेक्षा चांगली प्रगती केली. ४० वॉटची जाडी ट्यूबलाइट चोकसकट पन्नासच्या वर वॉट खायची. आज तेवढ्याच उजेडाला १८-२० वॉटची एलईडी पट्टी पुरते. पंख्याचा आणि पंपाचा वेग गरजेप्रमाणे बदलणारे ‘व्हीएफडी’ सर्वत्र आले. पंखा ८० टक्के वेगाने फिरवला की वीज जवळपास निम्मी लागते.

माणसांच्या सवयीचा अभ्यासही झाला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच शहरांतल्या १६ कार्यालयीन इमारतींमध्ये सहा हजारांहून अधिक प्रतिसाद गोळा केले. परदेशी प्रमाणे मानतात त्यापेक्षा जास्त तापमानातही भारतीय कर्मचारी सुखी असतात, असे त्यातून दिसले. हे निष्कर्ष २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आले. १ जानेवारी २०२० पासून नवा घरगुती एसी सुरू केला की २४ अंशांवर सुरू होतो. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे बीईई सांगते. तरीही स्वेटर घालून बसलेले कर्मचारी आजही भर मे महिन्यात कार्यालयांत दिसतात.

२०१७ च्या सुधारित संहितेने बाहेरच्या भिंतीत काचेचे प्रमाण ४० टक्क्यांवर रोखले, २०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याची व्याप्ती वाढवली. नियम आता पुरेसे आहेत.

या साऱ्या काळातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. जिथे इमारत बांधणारा आणि बिल भरणारा एकच होता तिथे वीज वाचली. जिथे बिल्डरने बांधले, भाडेकरूने बिल भरले आणि कॉमन एरियाचा खर्च मेंटेनन्समध्ये विरून गेला, तिथे कुणालाच घाई नव्हती. ही साखळी माहितीने तुटते. न्यूयॉर्कने २००९ च्या कायद्याने मोठ्या इमारतींना दरवर्षी ऊर्जावापर जाहीर करायला लावला आणि २०२० पासून त्याची श्रेणी दारावर लावणे सक्तीचे केले. मुंबई-पुण्याच्या महापालिकांनाही हे अवघड नाही. मालमत्ताकराच्या नोंदीत क्षेत्रफळ आहे, वीज कंपनीकडे युनिट आहेत.

तोवर कार्यालय भाड्याने घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे. प्रमाणपत्राबरोबर बारा महिन्यांची बिले मागावीत, कॉमन एरियाची धरून, आणि एकूण युनिटना चौरस मीटरने भागावे. बहुतांश वातानुकूलित कार्यालयासाठी मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत हा आकडा १०० च्या आत आला तर बीईईच्या मोजमापात ती पंचतारांकित इमारत. २०० च्या पुढे गेला, तर भाड्याची घासाघीस तिथूनच सुरू करावी.