गायीची कास आणि दुधाची क्षमता

भंडारा जिल्हा हा धानाचा व तलावांचा प्रदेश. येथे पूर्वापार गाय पाळली जाई ती मुख्यतः शेतीला बैल मिळावेत म्हणून. विदर्भातील गवळाऊ जातही चपळ बैलांसाठीच नावाजलेली. त्यामुळे दुधासाठी गाय घेताना मोठी कास पाहून सौदा ठरतो व पुष्कळदा तेथेच फसगत होते.

कासेचा मोठेपणा म्हणजे दुधाची क्षमता नव्हे. दुधाच्या ग्रंथी भरपूर असलेली कास धार काढल्यावर मऊ पडते व आकसते. मांसल कास मात्र धारेनंतरही तेवढीच राहते. म्हणून समक्ष धार काढून पाहिल्याखेरीज गाय घेऊ नये. कासेचे चारही भाग स्वतंत्र असतात. तेव्हा प्रत्येक सड तपासावा. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घ्याव्यात. गाठी दिसल्यास कासदाहाची शंका घेऊन पशुवैद्यास दाखवावे.

एक लिटर दुधासाठी कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावे लागते. नुसत्या तणसावर ही क्षमता प्रकट होत नाही. हिरवा चारा व पेंड यांची जोड हवी. पान्हा काही मिनिटेच टिकतो, म्हणून मुठीने, न थांबता ५ ते ७ मिनिटांत धार पूर्ण काढावी. कासेत दूध साचून राहिल्यास पुढील दूध घटते. विण्यापूर्वी सुमारे ६० दिवस गाय आटवावी.

ग्रामसेवकांनी ही परीक्षा गावोगावी प्रत्यक्ष करून दाखविल्यास शेतकऱ्याचा कष्टाचा पैसा वाया जाणार नाही.