अप्रूव्हल नको, बटर आण!

एकच क्लायंट, एकच कॅरेक्टर आणि जवळजवळ साठ वर्षांचा संसार. अमूलची पोरगी सगळ्यांना ठाऊक आहे. तिला रोज नवा डायलॉग देणारी एजन्सी मात्र कायम होर्डिंगच्या मागेच उभी राहिली.

सकाळचे साडेनऊ. बस सिग्नलला अडकलेली, मोबाइलवर बॉसचे तीन मिस्ड कॉल. तुम्ही वैतागून खिडकीबाहेर बघता आणि समोर ती. निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक, हातात बटर लावलेला ब्रेड. परवा ज्या बातमीवर ऑफिसच्या कँटीनमध्ये वाद झाला, त्याच बातमीवर ही बया एका ओळीत टोमणा मारून मोकळी! तुम्ही हसता. सिग्नल सुटतो.

आता जरा आपल्या ऑफिसकडे बघा. दोन ओळींचा मेलर बाहेर जायला किती दिवस लागतात? मास कॉमची डिग्री घेऊन मी एका एजन्सीत सहा महिने ट्रेनी होते. तिथे एका साबणाच्या ब्रोशरची अकरा व्हर्जन्स झाली आणि शेवटी क्लायंटने पहिलंच उचललं. तेव्हापासून मला एकच प्रश्न छळतो. अमूलची ही एजन्सी क्लायंटकडून अप्रूव्हल घेते तरी कधी?

उत्तर ऐकून जळफळाट होतो. घेतच नाही!

ही एजन्सी म्हणजे मुंबईची दाकुन्हा कम्युनिकेशन्स. नाव ऐकलं नसेल तर लाजू नका. जाहिरातीच्या धंद्याबाहेर फार थोड्यांनी ऐकलंय. लिंटास किंवा ओगिल्व्ही म्हटलं की डोळ्यांसमोर काचेची बिल्डिंग, शेकडो माणसं आणि भिंतभर ट्रॉफ्या येतात. दाकुन्हांचं प्रकरण त्यामानाने घरगुती. तरी देशातल्या सगळ्यात लाडक्या जाहिराती यांच्याच.

पोलसनशी पंगा

गोष्ट सुरू होते बटरपासून. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत लोणी नाही, ‘पोलसन’ खायचे. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी उद्योजकाचा हा ब्रँड, आणि दूध गुजरातेतल्या आणंद परिसरातल्या शेतकऱ्यांचं. भाव मनाजोगा मिळेना म्हणून ते शेतकरी एकत्र आले आणि डिसेंबर १९४६मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तीच पुढे अमूल म्हणून घराघरात पोचली.

पण मुंबईकरांच्या जिभेवर पोलसन बसलेलं. साय आंबवून केलेलं, खारट आणि पिवळंधमक. अमूलचं ताज्या सायीचं बटर लोकांना सपक वाटायचं. शेवटी अमूलने मीठ घातलं, रंगही दिला. चव जमली, पण जाहिराती कंटाळवाण्याच राहिल्या. बटर पौष्टिक आहे, शुद्ध आहे वगैरे. कोण वाचणार?

१९६६मध्ये हे काम एएसपी नावाच्या एजन्सीकडे गेलं. तिथे मॅनेजिंग डायरेक्टर होते सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि आर्ट डायरेक्टर यूस्टस फर्नांडिस. अमूलचे सर्वेसर्वा वर्गीस कुरियन यांची अपेक्षा साधी होती. एक खट्याळ मुलगी हवी, लक्षात राहणारी, आणि हाताने रंगवायला सोपी. तेव्हा होर्डिंग म्हणजे शिडी लावून पेंटर रंगवणार. नाकीडोळी फार बारकावे असते तर दर चौकात वेगळी पोरगी दिसली असती! म्हणून मग गोल चेहरा, मोठ्ठे डोळे, नाकाचा पत्ताच नाही. आजही नाही. नीट बघा.

सुरुवातीच्या एका होर्डिंगवर ती गुडघे टेकून प्रार्थना करतेय, एक डोळा मिटलेला, दुसरा बटरवर. मागणं काय, तर आमची रोजची भाकर आम्हाला दे, अमूल बटर लावून! रेसच्या सीझनला ती जॉकी झाली आणि जातिवंत घोड्यांच्या ‘थरोब्रेड’मधला ब्रेड खाण्याचा झाला.

आणि ‘अटर्ली बटर्ली डिलिशस’? त्यातलं ‘बटर्ली’ सिल्व्हेस्टर यांच्या पत्नी निशा यांनी सुचवलेलं. त्या सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, कथाही लिहायच्या. डिक्शनरीत नसलेला हा शब्द इंग्रजीच्या प्राध्यापिकेने द्यावा, यात मला भारी मजा वाटते. नियम मोडायचा तर तो आधी पाठ असावा लागतो, राव.

टोमणे सुरू

पहिलं वर्षभर ती नुसती गोड होती. खरी धमाल नंतर आली. १९६९मध्ये मुंबईत ‘हरे राम हरे कृष्ण’वाल्यांची लाट आली आणि सिल्व्हेस्टर, मोहम्मद खान आणि उषा भांडारकर यांच्या टीमने होर्डिंगवर लिहिलं, ‘हरी अमूल, हरी हरी’! मुंबई फिदा झाली. चालू घडामोडींवरची जाहिरात, धंद्याच्या भाषेत ‘टॉपिकल’, इथून तिची सवय बनली. (हेच मोहम्मद खान पुढे रिडिफ्यूजनच्या संस्थापकांपैकी एक झाले, मग त्यांनी एंटरप्राइज काढली.) साठचं दशक संपता संपता सिल्व्हेस्टर यांनी स्वतःची एजन्सी थाटली, आणि बटरचं अकाउंट त्यांच्या मागोमाग आलं.

पण टॉपिकलची एक गोची असते. बातमी शिळी झाली की विनोदही शिळा. गुजरातला लेआउट पाठवा, उत्तराची वाट बघा, दुरुस्त्या करा, तोवर लोक पुढच्या बातमीवर गेलेले. हे कुरियन यांना पटलं आणि त्यांनी सांगून टाकलं, मला दाखवू नका, लावा. क्लायंट म्हणून त्यांनी केलेलं हे सगळ्यात मोठं काम, असं माझं प्रामाणिक मत आहे. एजन्सी ‘क्रिएटिव्ह’ असणं सोपं असतं. क्लायंटला गप्प बसता येणं भलतंच कठीण.

आणि विषय काही नेहमी साधेसुधे नव्हते. १९७६, आणीबाणी. सक्तीच्या नसबंदीवर लोक कुजबुजत बोलत होते. तेव्हा ही पोरगी नर्सच्या वेशात, हातात बटरचा ट्रे घेऊन होर्डिंगवर आली. ओळीचा अर्थ असा, की कम्पल्सरी स्टरिलायझेशन तर आम्ही पहिल्यापासूनच करतोय! पेपरांवर सेन्सॉर बसलेल्या काळात हे भर रस्त्यात. सही ना?

ऐंशीच्या दशकात भरत दाभोळकर या टीममध्ये होते. इंग्रजी नाटकात हिंदी-मराठीची फोडणी घालून ‘बॉटम्स अप’सारखे शो गाजवणारे तेच. होर्डिंगही मग मुंबई बोलते तसं बोलायला लागलं. एका गणेशोत्सवात लिहिलं गेलं, ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’! आपल्याला लगेच कळतं, घरातला मोदक आणि बटर दोन्ही डोळ्यांपुढे येतात. पण सगळ्यांना हसू आलं नाही. होर्डिंग काढा नाहीतर ऑफिस फोडू, अशी धमकी शिवसैनिकांकडून आली, असं एजन्सीच्या लोकांनीच नंतर सांगितलं. इंडियन एअरलाइन्सवर टोमणा मारला तेव्हा विमानात अमूल बटर देणं बंद करू, असा दम मिळाला. आणि पोरीच्या डोक्यावर गांधी टोपी चढवली तेव्हा वरून असा आवाज आला की ती होर्डिंग्ज चक्क पुसावी लागली. म्हणजे मोकळीक होती, पण ती फुकट नव्हती. प्रत्येक वेळी कुणीतरी फोन उचलून शिव्या खाल्ल्या होत्या.

तिघांचा कारखाना

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सूत्रं सिल्व्हेस्टर यांचे चिरंजीव राहुल यांच्याकडे आली. ते स्वतः नाटकवाले. त्यांच्यासोबत कॉपीरायटर मनीष झवेरी आणि चित्रकार जयंत राणे. पुढची कित्येक वर्षं बटरची होर्डिंग्ज मुख्यतः या तिघांच्या डोक्यातून आणि हातातून निघाली. विषय ठरव, ओळ पाड, चित्र काढ, पाठव. राणे यांचं काम सगळ्यात अवघड, असं मला वाटतं. पंतप्रधान असो, बॅट्समन असो की हिरॉइन, चेहरा अमूलच्या त्या गोल जगात बसला पाहिजे आणि बसमधून दोन सेकंदांत ओळखूही आला पाहिजे.

वेगही बदलला. सुरुवातीला एक होर्डिंग काही आठवडे टिकायचं, कारण पेंटरला दुसऱ्यांदा शिडी चढायला वेळ लागायचा. पेंटर गेले, छापील फ्लेक्स आले, मग सोशल मीडिया आला. आता कित्येक आठवडे असे जातात की जवळपास रोज एक नवी जाहिरात येते. हसवलंत का, या प्रश्नाचं उत्तर पूर्वी महिन्यातून एकदा-दोनदा द्यावं लागायचं. आता नाश्त्यापूर्वी!

मजा म्हणजे या सगळ्यात एजन्सी अवाढव्य झाली नाही. अमूलच्या दूध-चॉकलेट वगैरे इतर मालाच्या जाहिराती दुसऱ्या एजन्सींनीही केल्या. दाकुन्हांनी बटर धरून ठेवलं. जाहिरातीवरचा आपला खर्च उलाढालीच्या १ टक्क्याहून कमी असतो, असं अमूलवाले अभिमानाने सांगत आलेत. एजन्सी चालवणाऱ्या कुणालाही ऐकून घाम फुटेल असं हे वाक्य आहे. तरीही या जोडीत काडीमोड झाला नाही. २०१२मध्ये कुरियन गेले, अमूलमध्ये पुढचे साहेब आले-गेले, पण ‘दाखवू नका, लावा’ हा करार टिकला. त्याच वर्षी या होर्डिंग्जमधून देशाचा इतिहास सांगणारं ‘अमूल्स इंडिया’ हे पुस्तकही निघालं. जून २०२३मध्ये सिल्व्हेस्टर गेले.

आता एक तक्रार. फॅन आहे म्हणून हक्काने करते. २००९मध्ये सत्यमचा घोटाळा झाला तेव्हा ‘सत्यम, शरम, स्कँडलम’ असं लिहिणारी ही पोरगी हल्ली टोमणे कमी मारते आणि हार-तुरे जास्त घालते. कप जिंकला, अभिनंदन. सिनेमा चालला, अभिनंदन. मोठं कुणी गेलं, श्रद्धांजली. चित्रं अजूनही झक्कास, पण नर्सच्या वेशातली ती बेरकी नजर रोज दिसत नाही. लोकांना हल्ली पटकन राग येतो, सांभाळून लिहावं लागतं, असं राहुल दाकुन्हाही बोललेत. खरंच आहे. तेव्हा ऑफिसवर यायला निदान चालत यावं लागायचं, आता मोबाइल पुरतो. पण मग वाटतं, अप्रूव्हल देणारा साहेब कधीच नव्हता, तरी आता लिहिताना खांद्यावरून कुणीतरी वाचतंय का?

हे सगळं परवा माझ्या जुन्या एजन्सीतल्या मित्राला फोनवर सांगत होते. तो अजून तिथेच आहे, सीनियर कॉपीरायटर झालाय. ‘‘साठ वर्षं विदाउट अप्रूव्हल?’’ एवढंच म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला. शब्द एकही नाही, नुसता एका फाइलचा स्क्रीनशॉट. फाइलचं नाव होतं, ‘फायनल_फायनल_क्लायंट करेक्शन्स_१४’.