तान्ही बालके आणि उन्हाळ्याचे ऊन

फाल्गुन सरला की खेड्यातील पुष्कळशी कामे भर उन्हात चालतात. रब्बीची काढणी व मळणी, वीटभट्टी, विदर्भात मे महिन्यातील तेंदूपानांची तोडणी, अशा ठिकाणी माता कामावर असते आणि तिचे तान्हे मूल बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत निजलेले असते. त्याच्याजवळ राखणीस बसते ते त्याचे थोरले भावंड. हे भावंड बहुधा प्राथमिक शाळेतील विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असते. म्हणून तान्ह्या मुलाचे उन्हापासून रक्षण हा विषय जितका दवाखान्याचा, तितकाच शाळेचाही आहे.

ऊन सर्वांनाच लागते. मग तान्ह्या मुलाची विशेष चिंता का करावयाची? याची कारणे त्याच्या शरीराच्या घडणीत आहेत. वजनाच्या मानाने पाहिल्यास अर्भकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढ माणसाच्या दुपटीहून अधिक भरते. भोवतालची हवा अंगापेक्षा अधिक तापली, की याच त्वचेवाटे उष्णता वेगाने शरीरात शिरते. घाम येऊन अंग निवण्याची क्रियाही त्याच्या ठायी पुरती विकसित झालेली नसते. त्वचा नाजूक असल्याने ती लवकर भाजते. वर्ण सावळा असला तरी हा धोका टळत नाही. शिवाय मोठा माणूस ऊन लागताच उठून सावलीत जातो व पाणी मागतो. तान्ह्या मुलास सरकता येत नाही आणि सांगताही येत नाही.

येथेच एक साधी गोष्ट दृष्टीआड होते. मूल जागचे हलत नाही, परंतु सावली हलते. सकाळी झाडाची सावली पश्चिमेस पडते, माध्यान्ही ती बुंध्याशी येते व दुपारनंतर पूर्वेस जाते. महाराष्ट्रात मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास जवळजवळ थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत चार मीटर उंचीच्या झाडाच्या शेंड्याची सावली सकाळी साडेनऊला बुंध्यापासून पश्चिमेस सुमारे चार मीटरवर असते. साडेबाराला ती बुंध्यापाशी आणि साडेतीनला पूर्वेस तितक्याच अंतरावर पडते. सकाळी गर्द सावलीत निजविलेले मूल दोन तासांनी उन्हात उघडे पडते ते यामुळेच.

हा अनुभव विद्यार्थ्यांना शाळेच्या अंगणात सहज देता येईल. एक मीटर लांबीची काठी उभी रोवावी व दर अर्ध्या तासाने तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. ज्या वेळी सावली काठीपेक्षा आखूड असते, त्या वेळी ऊन प्रखर समजावे व तान्ह्या मुलास त्यात मुळीच नेऊ नये. मात्र सावली लांबू लागली म्हणजे उष्णता सरली असे नव्हे. हवेचे तापमान बहुधा दोन ते चारच्या दरम्यान सर्वाधिक असते.

सावली आणि गारवा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही ध्यानात घ्यावे. बाभळीची सावली विरळ असते. कडुनिंब, चिंच, आंबा यांची दाट असते. पत्र्याच्या छपराखाली ऊन नसले तरी तापलेला पत्रा खाली उष्णता फेकीत राहतो. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत तापमान 46.8 अंश सेल्सिअसवर गेले होते. तेथील एका रुग्णालयातील प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो तळमजल्यावर हलविल्यानंतर उष्णतेने आजारी पडणाऱ्या नवजात बालकांचे प्रमाण घटले. वर्तमानपत्रात छापले जाणारे तापमान सावलीत व जमिनीपासून काही उंचीवर मोजलेले असते. उन्हातील जमीन त्याहून कितीतरी अधिक तापते. म्हणून मूल तापलेल्या जमिनीवर निजवू नये. झोळीही जाड दुपट्याने चोहोबाजूंनी झाकू नये, कारण आत हवा कोंडून उष्णता वाढते. सैल, पातळ सुती झबले व काठ असलेले टोपडे पुरेसे होय. सहा महिन्यांखालील मुलास सनस्क्रीन मलम लावून उन्हात नेण्यापेक्षा सावलीत ठेवणेच योग्य.

आहाराविषयीही गैरसमज आढळतात. मातेच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते. म्हणून सहा महिन्यांपर्यंत मुलास वरचे पाणी, साखरेचे पाणी किंवा घुटी देण्याची गरज नाही. उन्हाळ्यात अंगावर वारंवार पाजावे आणि मातेने स्वतः भरपूर पाणी प्यावे. तेल लावून मुलास उन्हात धरण्याची चाल अनेक घरी आहे. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी उन्हावर विसंबू नये. त्याचे थेंब मुलास पहिल्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतात. नवजात मुलास कावीळ दिसल्यास ऊन हा उपचार मानू नये. त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

राखणीस बसणाऱ्या भावंडास धोक्याची लक्षणे ओळखता आली पाहिजेत. मूल दूध ओढीनासे होते, सुस्त पडते अथवा सारखे किरकिरते. तोंड कोरडे पडते, टाळू खोल जाते, कित्येक तास लघवी होत नाही, अंग चटका बसण्याइतके तापते. यांपैकी काही दिसताच आईला हाक मारावी. मुलास सावलीत न्यावे, कपडे काढावे, साध्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने अंग पुसत वारा घालावा. मूल शुद्धीवर असून दूध ओढीत असेल तर पाजावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. झटके आले, मूल जागे होईना किंवा अंग तापलेलेच राहिले, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत अंग पुसणे थांबवू नये.

शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी एक तास या पाठास द्यावा. काठीची सावली मोजून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे: ‘सकाळी झोळी झाडाच्या कोणत्या अंगास बांधली होती? आता ऊन कोठे आहे?’ लहान वर्गातील मुलासही याचे उत्तर देता येते. ज्या मुलाला ते देता येते, ते बांधावर बसले असता सावली सरकताच आईला हाक मारील आणि झोळी वेळेवर हलविली जाईल.