दांडा शाबूत, सांधा निकामी

इमारतीच्या सांगाड्यात ज्या भागांवर केवळ ओढ येते, म्हणजे ज्यांना दोन्ही टोकांनी परस्परविरुद्ध दिशांना खेचले जाते, त्यांत टाय रॉड हा पोलादी दांडा सर्वांत साधा मानला जातो. बारीक खांबावर दाब आला की तो चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला वाकतो. टाय रॉडच्या बाबतीत ही भीती नसते, कारण ओढ त्याला सरळच ठेवते, आणि म्हणून त्याची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावरून थेट काढता येते. दांड्यातील एकूण बलाला त्या क्षेत्रफळाने भागले की दर चौरस मिलिमीटरवर येणारे बल, म्हणजे प्रतिबल, मिळते. बांधकामातील साधे पोलाद सुमारे २५० न्यूटन प्रतिबलाला कायमचे ताणले जाऊ लागते, त्यामुळे उत्तर या मर्यादेच्या पुरेसे आत राखले की दांडा सुरक्षित ठरतो. खरी कसोटी या भागाकारात नसून भागायचे बल नेमके किती आणि ते दांड्यातून पुढे कोणाच्या अंगावर जाते, हे ठरवण्यात असते.

त्यासाठी मुक्तपिंड आकृती नावाची पद्धत वापरतात. मनाने एक रेघ ओढून रचनेचा एखादा तुकडा उरलेल्या रचनेपासून वेगळा काढायचा, रेघेने जे जे भाग छेदले त्या प्रत्येक ठिकाणी तेथले बल बाणाने दाखवायचे, आणि तो तुकडा जागचा हलत नाही एवढ्या एकाच वस्तुस्थितीवरून अज्ञात बले काढायची. प्रवेशद्वारावर २ मीटर पुढे आलेला, भिंतीशी बिजागरीने जोडलेला आणि पुढच्या टोकाला तिरप्या टाय रॉडने वर भिंतीकडे ओढून धरलेला छज्जा घेतला, आणि त्यावर सर्वत्र सारखा पसरलेला १० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने १ टन भार आहे असे धरले, तर हा भार बिजागरीपासून सरासरी १ मीटरवर आणि दांडा २ मीटरवर असल्याने दांड्याने ५ किलोन्यूटन उभी उचल दिली की तोल साधतो. मात्र तिरप्या दांड्याच्या ओढीचा काही हिस्साच उभ्या दिशेला कामी येतो. त्यामुळे आडव्याशी ३० अंशांचा कोन असेल तर दांड्यात १० किलोन्यूटन ओढ यावी लागते, आणि देखणेपणासाठी कोन १५ अंशांवर आणला तर तीच ओढ १९ किलोन्यूटनच्या वर जाते. छज्जा आणि भार तेच राहूनही दांड्यातील बल जवळजवळ दुप्पट होते.

उभ्या टांगलेल्या दांड्यात कोनाचा हा प्रश्न उरत नाही, आणि कदाचित म्हणूनच तेथे गाफील राहणे सोपे जाते. अमेरिकेतील मिसुरी राज्यात कॅन्सस सिटी येथे १९८० मध्ये खुल्या झालेल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या प्रशस्त दालनात सुमारे ३७ मीटर लांबीचे पादचारी पूल छताला पोलादी दांड्यांनी टांगलेले होते, आणि त्यांपैकी चौथ्या मजल्यावरच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरचा पूल होता. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी, दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना, हे दोन्ही पूल एकदम खाली आले. ११४ माणसे मृत्युमुखी पडली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली.

मूळ आराखड्यानुसार छतापासून निघालेला सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचा एकच अखंड दांडा चौथ्या मजल्याच्या पुलाच्या आडव्या तुळईतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचणार होता, आणि प्रत्येक तुळई दांड्यावर आटे पाडून बसवलेल्या नटवर टेकणार होती. याचा अर्थ चौथ्या मजल्यावरचा नट तेथपर्यंत फिरवत नेण्यासाठी दांड्याच्या खालच्या मोठ्या लांबीवर आटे पाडावे लागणार होते, आणि उभारणीच्या वेळी ते आटे खराब होण्याची भीती होती. ही अडचण खरी होती. तिच्यावरचा उपाय म्हणून अखंड दांड्याऐवजी दोन दांडे योजले गेले: एक छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत, आणि दुसरा त्याच तुळईपासून, काही सेंटिमीटर बाजूने, दुसऱ्या मजल्यापर्यंत. बदललेल्या रेखाचित्रांवर अभियंत्यांच्या कार्यालयाचा शिक्काही उमटला.

आता रेघ ओढून पाहता येते. नियमांप्रमाणे धरायचा पूर्ण भार असताना प्रत्येक दांड्याच्या जागी एका पुलाचा वाटा सुमारे ९० किलोन्यूटन होता. छताच्या जरा खाली रेघ ओढून तिच्याखालचे सारे वेगळे काढले, तर दांडा अखंड असो वा दोन तुकड्यांचा, वरच्या भागात दोन्ही पुलांचे मिळून सुमारे १८१ किलोन्यूटन येतात. ३२ मिलिमीटर व्यासाचे क्षेत्रफळ ८०४ चौरस मिलिमीटर, म्हणजे प्रतिबल सुमारे २२५ न्यूटन. आट्यांनी छेद आणखी घटतो हे लक्षात घेता हा आकडा मुळीच निर्धास्त करणारा नाही, पण बदलाने तो तसूभरही वाढलेला नाही. दोन पुलांच्या मधल्या भागात दोन्ही रचनांत ९० किलोन्यूटनच येतात. ज्याने फक्त दांडे तपासले त्याला या बदलात काहीच वावगे दिसणार नाही.

रेघ चौथ्या मजल्याच्या तुळईभोवती फिरवली की चित्र पालटते. मूळ रचनेत खालच्या पुलाचा भार दांड्यातूनच सरळ वर निघून जात होता, तुळईला त्याचा स्पर्शही नव्हता, आणि तिच्याखालच्या नटवर फक्त तिच्या स्वतःच्या पुलाचे ९० किलोन्यूटन येत होते. नव्या रचनेत खालचा दांडा तुळईलाच लोंबकळतो, तिला आणखी ९० किलोन्यूटनने खाली ओढतो, आणि वरच्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या एका नटला १८१ किलोन्यूटन तोलावे लागतात. त्यातही ती तुळई म्हणजे दोन पोलादी चॅनेल समोरासमोर ठेवून कडांना वेल्डिंगने जोडलेली पोकळ पेटी होती, आणि दांड्याचे छिद्र नेमके त्या जोडावरच, पातळ पत्र्याच्या सर्वांत दुबळ्या रेषेवर पाडलेले होते. त्या संध्याकाळी पुलांवर नियमांत धरलेल्या गर्दीचा थोडाच अंश होता. तरीही तुळईचे पत्रे उलले, जोड उकलला आणि नट व वॉशर तिच्यातून वर निसटले. वरचे दांडे न तुटता छताला तसेच राहिले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तपासाअंती काढलेला निष्कर्ष त्याहून अस्वस्थ करणारा आहे: प्रत्यक्ष बांधलेला सांधा शहराच्या बांधकाम नियमांना अपेक्षित ताकदीच्या सुमारे ३० टक्केच होता, पण मूळ अखंड दांड्याची रचनाही ६० टक्क्यांपलीकडे जात नव्हती. त्यामुळे या दुर्घटनेचा दोष केवळ एका बदलावर टाकणे न्याय्य होत नाही. सांध्याचे गणित बदलापूर्वीही कोणी नीट केलेले नव्हते आणि बदलानंतरही केले नाही. मिसुरी राज्याने जॅक गिलम आणि डॅनियल डंकन या जबाबदार अभियंत्यांचे परवाने रद्द केले, आणि कारखान्याने काढलेली सांध्यांची रेखाचित्रे तपासण्याची अंतिम जबाबदारी रचनेच्या अभियंत्याचीच आहे, ही भूमिका अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेने पुढे स्पष्टपणे घेतली. हॉटेलच्या दालनात नंतर एकच पूल बांधण्यात आला, तोही छताला टांगलेला नसून खालून खांबांवर उभा आहे.